विस्तारणारे प्रजासत्ताक आणि आकुंचित नागरिकत्व : अमेरिकेतील सामाजिक व राजकीय परिवर्तन (१८००-१८५०)

प्रस्तावना :

१७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे तयार झालेल्या राज्यघटनेने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना प्रजासत्ताकाची चौकट दिली. १७९० च्या पहिल्या जनगणनेत या राष्ट्राची लोकसंख्या सुमारे ३९ लाख होती. १८५० मध्ये ती सुमारे २ कोटी ३२ लाख झाली. १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुईझियानाचा प्रदेश खरेदी केल्याने देशाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. १८४८ च्या तहाने कॅलिफोर्नियासह मेक्सिकोचा विस्तीर्ण भूभाग अमेरिकेस मिळाला. या कालखंडास सामान्यतः लोकशाहीच्या विस्ताराचा काळ म्हटले जाते. हा विस्तार नेमका कोणासाठी होता, या प्रश्नाचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

मताधिकाराचे दुहेरी स्वरूप :

प्रारंभी बहुतेक राज्यांत मतदानासाठी मालमत्तेची अट होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती क्रमाक्रमाने शिथिल झाली. १८२८ मध्ये अँड्र्यू जॅक्सन अध्यक्षपदी निवडून आले आणि संघटित पक्ष, प्रचारसभा व वृत्तपत्रे यांवर उभे राहिलेले नवे राजकारण रूढ झाले. १८४० च्या निवडणुकीत सुमारे ८० टक्के पात्र मतदारांनी मतदान केले.

तथापि, याच प्रक्रियेची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. न्यू जर्सीमध्ये मालमत्ताधारक स्त्रियांना व कृष्णवर्णीयांना असलेला मताधिकार १८०७ मध्ये काढून घेण्यात आला. न्यूयॉर्कच्या १८२१ च्या घटनेने गौरवर्णीय पुरुषांसाठीची स्थावर मालमत्तेची अट रद्द केली. मात्र कृष्णवर्णीय पुरुषांसाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट घातली. पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये कृष्णवर्णीयांचा मताधिकारच संपुष्टात आणला. यावरून असे दिसते की, ही वगळणूक केवळ जुन्या व्यवस्थेचा उरलेला अवशेष नव्हती. ती नव्या लोकशाहीच्या दस्तऐवजांतच नव्याने लिहिली गेली. नागरिकत्वाचा निकष म्हणून मालमत्तेची जागा वर्णाने व लिंगाने घेतली.

भूमी, कापूस आणि गुलामगिरी :

१७९३ मध्ये एली व्हिटनी यांनी तयार केलेल्या सरकी काढण्याच्या यंत्रामुळे कापसाची लागवड अत्यंत किफायतशीर ठरली. इंग्लंडमधील व न्यू इंग्लंडमधील गिरण्यांची मागणी वाढत होती. १८०८ पासून गुलामांच्या आयातीस कायद्याने बंदी झाली. परंतु अंतर्गत व्यापार फोफावला आणि १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८५० मध्ये सुमारे ३२ लाखांवर गेली. त्यामुळे प्रत्येक नव्या प्रदेशाबरोबर तेथे गुलामगिरी असावी की नसावी, हा वाद उभा राहिला. १८२० च्या मिसूरी तडजोडीने तो तात्पुरता शमला, सुटला नाही.

कापसासाठी लागणाऱ्या भूमीवर मूलनिवासी जमाती राहत होत्या. त्यांपैकी चेरोकी समाजाने सेक्वोया यांनी निर्माण केलेली लिपी स्वीकारली, १८२७ मध्ये लिखित घटना केली आणि १८२८ मध्ये वृत्तपत्र सुरू केले. ‘सुसंस्कृत’ होण्याच्या ज्या कसोट्या सांगितल्या जात होत्या, त्या या समाजाने बऱ्याच अंशी पूर्ण केल्या होत्या. तरीही १८३० च्या स्थलांतर कायद्याचा आघात त्यांच्यावर झाला. जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकी प्रदेशात लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८३२ मध्ये दिला. तो त्यांना वाचवू शकला नाही. १८३८-३९ च्या सक्तीच्या स्थलांतरात सुमारे ४ हजार चेरोकी मृत्युमुखी पडले, असा अंदाज आहे. प्रश्न संस्कृतीचा नव्हता, जमिनीचा होता.

वगळलेल्यांचा प्रतिसाद :

ज्यांना वगळले गेले, त्यांनी १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील समतेचे तत्त्वच आपले साधन केले. १८३१ पासून विल्यम लॉइड गॅरिसन यांनी ‘लिबरेटर’ या पत्रातून गुलामगिरीच्या तत्काळ उच्चाटनाची मागणी केली. स्वतः गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस या चळवळीचा आवाज बनले. १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथील परिषदेत एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव मांडला. डग्लस यांनी त्यास पाठिंबा दिला. गुलामगिरी १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने संपली. लिंगाच्या आधारे मताधिकार नाकारण्यास १९२० मध्ये प्रतिबंध झाला.

या संघर्षाचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना अर्पण केला. जोतीरावांनी त्या राष्ट्राच्या वैभवाचा वा विस्ताराचा नव्हे, तर अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांचा गौरव केला, हे लक्षणीय आहे.

निष्कर्ष :

अमेरिकेच्या या अर्धशतकात राष्ट्राचा नकाशा, बाजारपेठ आणि मतदारवर्ग एकाच वेळी विस्तारले. परंतु त्या विस्ताराची किंमत गुलाम, मूलनिवासी व स्त्रिया यांनी चुकविली. मतदारांची संख्या वाढणे म्हणजे लोकशाही सर्वसमावेशक होणे नव्हे. म्हणून या कालखंडाचे अध्यापन करताना कोणास अधिकार मिळाले या प्रश्नासोबत, त्याच कायद्याने ते कोणाकडून हिरावले गेले, हा प्रश्नही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे.