संगणकाचे पंखे : आवाज कमी, थंडावा पुरेसा

संगणक सुरू होताच ऐकू येणारी घरघर ही मुख्यत्वे कॅबिनेटमधील पंख्यांची असते. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आदी भागांत खर्च होणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता बाहेर टाकणे हे पंख्यांचे काम. मात्र पंखा हवा थंड करीत नाही. खोलीतील हवा आत घेऊन तापलेली हवा बाहेर सोडतो. त्यामुळे आतील भाग खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाहीत. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात, जेथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, ही बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. जानेवारीत खोलीचे तापमान 22 अंश सेल्सियस असताना 66 अंशांवर राहणारा प्रोसेसर, मे महिन्यात खोली 36 अंशांवर गेल्यास, तेवढ्याच गतीच्या पंख्याखाली 80 अंशांच्या आसपास पोहोचतो.

गती आणि आवाज

पंख्याची गती निम्मी केल्यास हवेचा प्रवाह निम्मा होतो. आवाज मात्र सुमारे 15 डेसिबलने घटतो. म्हणूनच लहान पंखा वेगाने फिरविण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरविणे श्रेयस्कर. 120 मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ 80 मिलिमीटरच्या पंख्याच्या सव्वादोन पट असते.

नियंत्रणाच्या पद्धती

तीन पिनांच्या पंख्याची गती व्होल्टेज कमी करून घटविली जाते. 12 व्होल्टचा पंखा साधारणतः 7 व्होल्टवरही चालतो. व्होल्टेज फारच कमी केल्यास तो सुरूच होत नाही. चार पिनांच्या पंख्याला 12 व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या तारेतून येणारे, सेकंदाला सुमारे 25 हजार स्पंदनांचे ‘पीडब्ल्यूएम’ संकेत त्याची गती ठरवितात. मदरबोर्डच्या बायोसमध्ये पंख्याच्या प्रकारानुसार पर्याय निवडावा. तीन पिनांच्या पंख्यासाठी पीडब्ल्यूएम निवडल्यास तो सतत पूर्ण गतीने फिरत राहतो.

तापमानानुसार गती

बायोसमध्ये कोणत्या तापमानाला किती गती असावी, हे ठरविता येते. आरंभी 45 अंशांपर्यंत 35 टक्के, 70 अंशांना 70 टक्के आणि 80 अंशांना पूर्ण गती ठेवावी. गती वाढण्याच्या व घटण्याच्या तापमानांत तीन-चार अंशांचे अंतर राखल्यास आवाजाची सततची चढ-उतार टळते. ही मांडणी हिवाळ्यात समाधानकारक वाटली, तरी तिची खरी कसोटी मे महिन्यातील दुपारी घ्यावी. जड काम अर्धा तास चालवून तापमान पाहावे.

सुमारे 95 ते 100 अंशांच्या मर्यादेवर प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. हार्ड डिस्कला अशा संरक्षणाचा भरवसा नाही. बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा 60 अंश असते. ती 45 अंशांच्या आत ठेवणे हितावह. कार्यालयाचे हिशेब आणि घरची छायाचित्रे याच डिस्कवर असतात. त्यामुळे पुढील पंखा केवळ प्रोसेसरच्या तापमानावर अवलंबून ठेवू नये. त्याची किमान गती कायम राखावी.

घ्यावयाची दक्षता

प्रोसेसरचा पंखा बंद पडल्याची सूचना देणारा बायोसमधील पर्याय सुरू ठेवावा. मदरबोर्डवरील एका जोडणीची क्षमता साधारणतः 1 अँपिअर असते. एकाहून अधिक पंखे जोडताना त्यांची बेरीज तपासावी. कॅबिनेट भिंतीपासून किमान वीतभर दूर असावे, बंद कप्प्यात नसावे. जाळीवरील धूळ उन्हाळ्यापूर्वी काढावी. तत्पूर्वी वीजपुरवठा बंद करावा आणि हवेचा झोत मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत. वाळ्याच्या कूलरची ओलसर हवा थेट कॅबिनेटवर सोडू नये. त्याने तापमान उतरले तरी पाण्याचे तुषार आत जाण्याचा धोका राहतो.