‘दा विंची कोड’ : प्रमाणपत्र केंद्राचे, बंदी राज्यांची

धामणगाव रेल्वे : केंद्रीय मंडळाने प्रदर्शनयोग्य ठरविलेला चित्रपट राज्य सरकारला रोखता येतो काय, हा प्रश्न भारतात वारंवार उपस्थित झाला आहे. २००६ साली तो ‘द दा विंची कोड’ या हॉलिवूडपटाच्या निमित्ताने देशभर गाजला. ख्रिस्ती धर्मश्रद्धांशी निगडित कथानक, खपाचे विक्रम करणारी मूळ कादंबरी, मुंबईतील निदर्शने, गोव्यासह अनेक राज्यांतील बंदी आणि अखेर न्यायालयांचे निकाल, असा या प्रकरणाचा प्रवास आहे.

कादंबरी आणि चित्रपट

अमेरिकन लेखक डॅन ब्राऊन यांची ही कादंबरी मार्च २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. चाळीसहून अधिक भाषांत तिचे अनुवाद झाले आणि जगभरात तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या. मराठी वाचकांनाही ती अनुवादरूपाने उपलब्ध झाली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील अधिकाऱ्याच्या खुनापासून कथेला आरंभ होतो. रॉबर्ट लँग्डन हा प्राध्यापक आणि सोफी ही पोलीस खात्यातील संकेतलिपीतज्ज्ञ त्या खुनाचा माग काढू लागतात. लिओनार्दो दा विंचीच्या चित्रांतील खुणा, गुप्त संघटना आणि चर्चने दडवून ठेवलेले कथित रहस्य यांच्याभोवती हा शोध फिरतो. येशू ख्रिस्ताचा मग्दालीया मरीयेशी विवाह झाला होता आणि त्यांचा वंश पुढे चालू राहिला, हे ते रहस्य.

दिग्दर्शक रॉन हॉवर्ड यांनी कादंबरी पडद्यावर आणली. टॉम हँक्स, ऑद्रे तोतू आणि इयान मॅककेलन यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. लूव्रमध्ये चित्रीकरणाची परवानगी मिळाली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेने मात्र नकार दिला, त्यामुळे ती दृश्ये लिंकन कॅथीड्रलमध्ये चित्रित करण्यात आली. १७ मे २००६ रोजी कान महोत्सवाचा प्रारंभ याच चित्रपटाने झाला. समीक्षकांनी त्याचे थंडे स्वागत केले, तरी जगभरातील उत्पन्न ७५ कोटी डॉलरच्या पुढे गेले. ‘एंजल्स अँड डेमन्स’ (२००९) आणि ‘इन्फर्नो’ (२०१६) हे लँग्डन मालिकेतील पुढचे चित्रपट होत.

आक्षेपाचे मूळ

केवळ कल्पित कथा म्हणून या कादंबरीकडे पाहिले गेले असते, तर वाद कदाचित एवढा चिघळला नसता. कादंबरीच्या आरंभीच ‘तथ्य’ या शीर्षकाचे एक पान आहे. ‘प्रायरी ऑफ सायन’ ही गुप्त संघटना १०९९ मध्ये स्थापन झाली आणि ती खरोखर अस्तित्वात आहे, असे विधान त्यावर आढळते. प्रत्यक्षात या नावाची संस्था १९५६ मध्ये फ्रान्समध्ये पिएर प्लाँतार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नोंदविली होती. तिची मध्ययुगीन परंपरा दाखविणारी, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवलेली कागदपत्रे बनावट असल्याचे पुढे उघड झाले.

कथेत खलप्रवृत्तीची दाखविलेली ‘ओपस देई’ ही मात्र कॅथलिक चर्चमधील खरी संस्था असून तिची स्थापना १९२८ मध्ये स्पेनमध्ये झाली. खरी नावे, खऱ्या वास्तू आणि कल्पित कट यांची अशी सरमिसळ हेच कादंबरीच्या लोकप्रियतेचे कारण ठरले. श्रद्धावंतांच्या दुखावलेपणाचे कारणही तेच होते. मग्दालीया मरीया ही चर्चच्या परंपरेत संत मानली जाते. २०१६ मध्ये व्हॅटिकनने २२ जुलै या तिच्या स्मरणदिनाला ‘सणा’चा दर्जा दिला. अशा व्यक्तीविषयीचे आणि प्रत्यक्ष ख्रिस्ताविषयीचे कल्पित ‘तथ्य’ म्हणून सांगितले जात आहे, ही तक्रार निराधार म्हणता येणार नव्हती.

मुंबई ते पणजी

मे २००६ मध्ये मुंबईत कॅथलिक संघटनांनी निदर्शने व उपोषण केले. केंद्रीय माहिती व प्रसारणमंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी ख्रिस्ती प्रतिनिधींसमवेत चित्रपट पाहिला. शर्मिला टागोर अध्यक्ष असलेल्या केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने अखेर ‘केवळ प्रौढांसाठी’ हे प्रमाणपत्र दिले. मात्र चित्रपट संपूर्णतः काल्पनिक असल्याचे निवेदन पडद्यावर दाखविण्याची अट घातली. जगभर १९ मे रोजी झळकलेला हा चित्रपट भारतात त्यामुळे काहीसा उशिरा आला.

महाराष्ट्रात तो प्रदर्शित झाला. शेजारच्या गोव्याने मात्र बंदी घातली. पंजाब, नागालँड, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेश या राज्यांनीही तोच मार्ग स्वीकारला. गोव्यात त्या वेळी ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे एक चतुर्थांश होती, नागालँडमध्ये ती बहुसंख्य होती. पंजाबात मात्र एक टक्क्याच्या आसपास. महाराष्ट्रातही हे प्रमाण जवळपास तेवढेच. लोकसंख्या सारखी असूनही पंजाबात बंदी आणि महाराष्ट्रात प्रदर्शन, हे पाहता बंदीला समान निकष नव्हता, हे लक्षात येते.

अधिकार कोणाचा?

राज्यघटनेनुसार चित्रपटांना प्रदर्शनाची मंजुरी देणे हा संघसूचीतील विषय आहे, तर चित्रपटगृहांचे नियमन राज्यसूचीत येते. वऱ्हाडातील उदाहरण घेतल्यास, धामणगाव रेल्वे येथे चित्रपटगृह चालविण्याचा परवाना अमरावतीच्या जिल्हा प्रशासनाकडून घ्यावा लागतो. त्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या चित्रपटाचे प्रमाणपत्र मात्र केंद्रीय मंडळाचे असते आणि ते मुंबईत जेवढे वैध, तेवढेच येथेही वैध. राज्यांच्या चित्रपटगृह नियमन कायद्यांत शांतताभंगाच्या शक्यतेवरून प्रदर्शन स्थगित करण्याची तरतूद असते. ‘दा विंची कोड’वरील बंदीसाठी आंध्र प्रदेशाने अशाच तरतुदीचा आधार घेतला.

जून २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशव्यापी बंदीची मागणी करणारी याचिका फेटाळली. त्याच महिन्यात आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्या. गोडा रघुराम यांनी राज्याचा आदेश रद्द ठरविला. बंदीचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने चित्रपट पाहिलाही नव्हता. काही गटांच्या हरकतींवरच त्याने विसंबून निर्णय घेतला, ही बाब निकालात ठळकपणे नोंदविली गेली. पाठोपाठ मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. प्रभा श्रीदेवन यांनी तमिळनाडूतील बंदी उठविली. या निकालांमागे १९८९ चा एस. रंगराजन खटला होता. निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्य दडपता येणार नाही, कायदा व सुव्यवस्था राखणे हे शासनाचेच कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात स्पष्ट केले होते.

पुढील परिणाम

हाच न्याय पुढेही लागू झाला. २०११ मध्ये ‘आरक्षण’वरील उत्तर प्रदेशची बंदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तर जानेवारी २०१८ मध्ये ‘पद्मावत’ रोखणाऱ्या राज्यांच्या आदेशांना स्थगिती दिली. मराठी रसिकांना हा संघर्ष नवा नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ नाटकाचा वाद सत्तरच्या दशकात उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता.

श्रद्धावंतांचा आक्षेप ऐकून घेणे आणि इतरांचा पाहण्याचा हक्क काढून घेणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे ‘दा विंची कोड’ प्रकरणातून अधोरेखित झाले. कल्पिताला तथ्याचा मुलामा दिला जातो, ही ख्रिस्ती समाजाची मुख्य तक्रार होती आणि चित्रपट काल्पनिक असल्याचे निवेदन हे तिचे थेट उत्तर होते. वऱ्हाडासाठी अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ पासून कार्यरत आहे. धामणगाव रेल्वे परिसरही त्याच धर्मप्रांतात मोडतो. संख्येने अल्प असलेल्या या समाजाच्या भावनांची दखल प्रमाणपत्र देतानाच घेतली गेली. ज्या राज्यांनी त्यापुढे जाऊन पडदाच बंद केला, त्यांपैकी दोन राज्यांचे आदेश मात्र न्यायालयात टिकले नाहीत.