‘सिप्प’ ते ‘कला’ : एका शब्दाचा बदलत गेलेला अर्थ

मंगलसुत्त आपल्या घरांत लग्नाला, नामकरणाला, गृहप्रवेशाला म्हटले जाते. त्यातील ३८ मंगलांपैकी एक आहे ‘सिप्प’. मराठी पुस्तिकांत त्याचा अर्थ कुठे ‘शिल्प’, कुठे ‘कला’, तर कुठे ‘हस्तकौशल्य’ असा दिलेला असतो. तिन्ही अर्थ चालतात, कारण तथागतांच्या काळात या गोष्टी वेगवेगळ्या मानल्याच जात नव्हत्या. धनुर्विद्या सिप्प, हिशेब ठेवणे सिप्प, मडके घडवणे हेही सिप्प. संस्कृतातल्या ‘कला’ शब्दाचेही तसेच. कामसूत्रातील ६४ कलांच्या यादीत गाणे आणि चित्र काढणे आहे, तसे सुतारकाम, स्वयंपाक आणि कोंबड्या-मेंढ्यांच्या झुंजीही आहेत. ग्रीक ‘टेक्नी’ आणि लॅटिन ‘आर्स’ हे शब्दसुद्धा मोची, वैद्य आणि मूर्तिकार या सर्वांच्या कामाला लागू होत.

म्हणून त्या काळी सगळी कामे समान मानली जात होती, असे मात्र नाही. आपल्या काही भाषणांत तसे सांगितले जाते, ते चूक आहे. विनयपिटकात समाजाने ‘हीन’ ठरवलेल्या सिप्पांची यादीच आहे : बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार, न्हावी यांची कामे. ‘उच्च’ म्हणजे गणना, लेखन वगैरे. पण ही यादी कशासाठी आली आहे ते पाहावे. एका भिक्खूने दुसऱ्याला त्याच्या जातीवरून, कामावरून किंवा सिप्पावरून हिणवले तर तो पाचित्तिय दोष ठरतो, हे सांगताना ती येते. उतरंड समाजात होती. तिचा शिवीसारखा वापर संघात चालणार नव्हता.

याचा दगडातला पुरावा आपल्या जवळच आहे. मुळशीतील माले किंवा पौड भागातून उत्तरेकडे डोंगर ओलांडला की मावळ लागतो आणि तेथे कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात दोन छोटे शिलालेख आहेत. एकात धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दाराचे दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्यात ते काम धेनुकाकटचा वड्ढकी, म्हणजे सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी याने केले असे म्हटले आहे. पैसे देणाऱ्याचे नाव कोरले जाते, त्यात नवल नाही. येथे काम करणाऱ्याचेही, बापाच्या नावासह, कोरले आहे. पितळखोऱ्याला सापडलेल्या यक्षाच्या हातावरही तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडवला असे लिहिलेले आहे. ती मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लेणी पाहायला जाणारे बहुतेक जण स्तूपाचा फोटो काढून परततात. सामीचे नाव शोधून वाचणारा एखादाच.

नृत्य, गीत, नाट्य यांच्याबाबत धम्मसाहित्यातला प्रश्न वेगळाच होता. तालपुट नावाचा नटांचा प्रमुख तथागतांना विचारतो की लोकांना हसवणारा नट मृत्यूनंतर देवलोकात जातो हे खरे का. तथागत दोनदा टाळतात आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात, की आधीच राग, द्वेष, मोहात असलेल्यांचे विकार जो वाढवतो त्याला चांगली गती नाही. पुढे तालपुट भिक्खू झाला आणि त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत. त्याच पिटकात पञ्चसिखाच्या वीणेचा सूर आणि गळ्याचा सूर छान जुळला म्हणून तथागत त्याची वाखाणणीही करतात. म्हणजे गाण्याला सरसकट विरोध नव्हता. त्याने मनात काय वाढते, हे पाहिले जात होते.

‘कला’ आणि ‘कारागिरी’ अशी फाळणी युरोपात अठराव्या शतकात पक्की झाली. फ्रेंच लेखक बातो याने १७४६ मध्ये चित्र, शिल्प, संगीत, काव्य आणि नृत्य यांना ‘ललित’ कला म्हणून वेगळे काढले. सुतार आणि कुंभार बाहेर राहिले. आपल्याकडे ही विभागणी इंग्रजी शिक्षणाबरोबर आली. मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. युरोपात ही उतरंड वर्गाची होती. आपल्याकडे ती जातीच्या उतरंडीवर बरोबर बसली : जो विकत घेतो तो रसिक, जो घडवतो तो कारू-नारू.

मराठीत पुढे ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकर वाद गाजला. पण कोणाचे जीवन, हे त्या वादात फारसे कोणी विचारले नाही. तिकडे १९१७ मध्ये द्युशाँने कारखान्यात बनलेले मुतारीचे भांडे न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला पाठवले आणि ‘सुंदर काय’ ऐवजी ‘कला कोणती हे ठरवणार कोण’ हा प्रश्न पुढे आला. महाराष्ट्रात तोच प्रश्न दलित साहित्याने फार जास्त किंमत मोजून विचारला. १९७२ च्या ‘गोलपिठा’नंतर भाषेवरून गदारोळ झाला. शरद पाटील आणि नंतर शरणकुमार लिंबाळे यांनी सौंदर्यशास्त्राचीच फेरमांडणी केली. तरी आजही आपल्या पोरांनी भिंतीवर चित्र काढले किंवा भीमगीत गायले की ‘हा प्रचार आहे, कला नव्हे’ हे ऐकायला मिळतेच. अजिंठ्याची जातकचित्रेही उपदेशासाठीच काढली होती, हे तेव्हा कोणाला आठवत नाही.

या व्याख्यांमध्ये एक गोष्ट मात्र जवळजवळ कुठेच येत नाही : नकार देण्याची मुभा. हलगी वाजवणे, सनई फुंकणे, तमाशात नाचणे हे गावोगाव जातीने वाट्याला आलेले काम होते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले, ते याच बांधलेपणाविरुद्ध. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा साचा उचलला, आशय बदलला, आणि तीच माणसे प्रथमच स्वतःच्या मर्जीने उभी राहून गाऊ लागली. लोककलेचे अभ्यासक ‘वाद्ये लोपली’ म्हणून हळहळतात. ज्यांच्या हातून ती सुटली त्यांना विचारून पाहावे.

आज काही ठिकाणी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तरुण तीच हलगी हौसेने वाजवतात, आणि एखादे आजोबा ती ऐकून घरात निघून जातात. दोघांकडेही कारण आहे.