तळटीप : मेथिओनिन

* मेथिओनिन : प्रथिने घडवणाऱ्या अमिनो आम्लांपैकी एक. कोंबडीच्या शरीरात ते तयार होत नाही. खाद्यातूनच द्यावे लागते. कोल्हापूरच्या शिवारात खरिपाला पिकणाऱ्या सोयाबीनची पेंड खाद्यातल्या मक्यात असलेली लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाची उणीव बऱ्यापैकी भरून काढते, पण दोन्ही मिसळूनही मेथिओनिन तोकडेच पडते. त्यात पिसांनाही मेथिओनिनसारखी गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात. म्हणून खाद्यात मेथिओनिनची पूड वेगळी घालतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली ब्रॉयलरसाठी सुचवलेले प्रमाण असे : पहिले ३ आठवडे १०० किलो खाद्यात लायसिन १.१ किलो, मेथिओनिन अर्धा किलो. पुढचे ३ आठवडे अनुक्रमे १ किलो आणि ३८० ग्रॅम.

यातले एकही कमी पडले, तर पेंडीतले महागडे प्रथिन मांस न बनता विष्ठेतून नायट्रोजनरूपाने बाहेर पडते. भुर्दंड पोल्ट्रीवाल्यालाच.