पायाकडून बघा



आपल्याच काही दोस्तांचा मला सवाल आहे. म्हणतात, वस्तीतल्या पोरांना घेऊन रविवारी कुठले खांब, कुठले घुमट, कुठल्या पेट्या न् पलंग बघत हिंडतोस? पेशव्यांची लाकडं आणि सुलतानांचे दगड बघून त्यांचं काय भलं होणार? त्यापेक्षा शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला शिकव.

फॉर्म तर शिकवतोच. पण सवाल बिनबुडाचा नाही, म्हणून जवाब लिहून देतो.

मी चाकणला लाकडाच्या गिरणीत कामाला आहे. सॉ मिल. परदेशातून आलेलं पाइन कापायचं, फळ्या पाडायच्या, कारखान्यांच्या मालासाठी पेट्या ठोकायच्या. पाळी सुटली की नाकातून भुसा निघतो. कॉलेजचं तोंड मी बघितलं नाही. इतिहास वाचला तो रात्री, मागून आणलेल्या पुस्तकांतून. पण लाकूड बोटांना कळतं. कोरीव खांबापुढे उभा राहिलो की राजाच्या आधी पटाशी दिसते. तिचा घाव कुठं बसला, कुठं हात थांबला, कुठं रेषा पाळली, ते दिसतं. हेच पोरांना दिसावं एवढीच माझी धडपड.

शाळेच्या पुस्तकातला इतिहास म्हणजे लढाया आणि सनावळ्या. पोराला त्यात हात घालायला जागाच नाही. पण बसणं पोराला कळतं. कोण कशावर बसलं, कोण उभं राहिलं, कोण उंबऱ्याबाहेर थांबलं. जात काय असते ते पोराला पहिल्यांदा बसायच्या जागेवरूनच कळतं.

जुनं गाव डोळ्यापुढे आणा. देवाला चौरंग. भटाला पाट. पाटलाला ओसरी आणि घोंगडी. महाराला अंगणाबाहेरची माती. आता बाज घ्या. चौकट सुताराची. ती विणायला लागणारा दोर मांगाने वळलेला. त्या दोरावर पाटील पाठ टेकून झोपायचा. दोर चालत होता, दोर वळणारा चालत नव्हता. किल्ल्यांना लाकूड-गवत पोचवायची वेठ महारांच्या डोक्यावर. म्हणजे घरातली साधी बाज घेतली तरी तिच्यात सगळं बलुतं विणलेलं सापडतं. हा धडा पोराला द्यायला फळा-खडू लागत नाही. एक बाज पुरते.

मग मी शब्द काढतो. खुर्ची कुठून आली? अरबीतून. कुलूपही तिकडचंच. गालिचा फारसीवाल्यांचा. चावी आणि बिजागरी पोर्तुगीजांनी गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवली. पगारसुद्धा त्यांचाच शब्द, म्हटलं की पोरं हसतात. हसू द्यावं. हसता हसता त्यांना कळतं की शुद्ध असं काही नसतं. ज्या दाराआडून शुद्धतेचा तोरा मिरवला, त्या दाराची बिजागरी पोर्तुगालची आणि कुलूप अरबांचं.

आता आपल्या राजगुरुनगरचं बघू. जुनं नाव खेड. हुतात्मा राजगुरूंचा वाडा भीमेच्या काठी आहे, तो गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक. पण याच गावात दिलावरखानाचा घुमट आणि मशीद आहे, १६१३ सालची, निजामशाहीतली. त्यावर क्रिकेटचा चेंडू मारण्यापलीकडे पोरांचा संबंध नव्हता. मी त्यांना विचारलं, हे बांधलं तेव्हा या मुलखात कोणाची चालती होती? कोणाला माहीत नाही. सांगितलं, मलिक अंबरची. हबशी माणूस. लहानपणी बाजारात गुलाम म्हणून विकला गेलेला. तो निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत दिल्लीच्या मोगलांना पुरून उरला. पोरं गप्प झाली. एक म्हणाला, "म्हणजे विकलेला माणूस राज्य चालवतो?" चालवतो रे बाबा. त्यानंतर त्यांनी कमान बघितली. दगडावर दगड तोलून धरायची ती युक्ती कागदावर काढली. आता तिथं चेंडू मारत नाहीत. मी काही बोललो नव्हतो.

पुण्याचा शनिवारवाडा. १७३० साली पाया घातला, १७३२ साली वास्तुशांत. साग जुन्नरच्या रानातला, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीकडचा, असं सांगतात. जुन्नरहून पुण्याची वाट खेड-चाकणवरूनच जाते. ज्या रस्त्यावर आज कंटेनर तुंबतात त्या अंगाने कधी सागाचे ओंडके गेले असतील का? पोरांना हा सवाल मी तसाच टाकून ठेवतो. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला. कोरलेलं लाकूड गेलं, दगड राहिला. चिंचवडला भाड्याने राहणाऱ्या आपल्या पोरांना सांगा की बाजीरावाच्या दिमाखाखाली तुमच्या गल्लीचा दगड आहे.

लाकूडकाम बघायचं तर विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. भर रस्त्यावरून त्याचा लाकडी सज्जा दिसतो, पैसा लागत नाही. सुरूचे खांब म्हणतात ते हेच. सुरूच्या झाडासारखे खाली फुगलेले, वर निमुळते. बुडाशी पानं कोरलेली. वर महिरप. अशा वाड्यांत महिरपीच्या टोकाला केळफूल लोंबतं. एका पोरीने लगेच ओळखलं, कारण तिची आई केळफुलाची भाजी करते. बघा, रोजच्या स्वैपाकातली वस्तू सुताराने पेशव्याच्या डोक्यावर टांगली! ही नजर कोणाची? ज्याच्या घरात चूल पेटते त्याची. नक्षी वरच्या जातीच्या मेंदूतून उतरली असा जो समज आहे, तो तिथंच मोडला.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण वाड्याचे भाट होऊ. म्हणून दुसरी बाजू. पेशवाईत दुपारी तीननंतर सकाळी नऊपर्यंत महार-मांगांना पुण्याच्या वेशीत मज्जाव होता, कारण तेव्हा सावल्या लांब पडतात, असं घुर्यांनी नोंदलंय. सुरूच्या खांबाची सावली अंगणात कितीही लांब पडली तरी चालायची. माणसाची चालत नव्हती. आणि याच विश्रामबागवाड्यात १८२१ साली इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली, ती ब्राह्मणांच्या मुलांसाठी. राज्य बदललं, बैठक तीच राहिली.

आणि आता सर्वांत मोठी गोष्ट. वाडा कसा बघावा हे आपल्याला एका पोरीने केव्हाच शिकवून ठेवलंय. मुक्ता साळवे. मांगाची लेक, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, वय चौदाच्या आसपास. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला. तिने लिहिलं की मोठमोठ्या इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत होते. लोक सज्जा बघत होते, महिरप बघत होते. या पोरीने पाया बघितला. पुरावा म्हणून तिच्याजवळ आपल्या लोकांची आठवण होती, आणि लिहिता येणारा हात. माझ्या मते वास्तुकलेवरचा आपला पहिला लेख तोच. पोरांना वाडा दाखवण्याआधी मी मुक्ताची गोष्ट सांगतो. मग त्यांची मान आपोआप खाली वळते. आधी पाया, मग खांब, मग केळफूल.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. इंग्लंडात चिपेंडेल नावाचा सुतार होऊन गेला. १७५४ साली त्याने खुर्च्या-कपाटांच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं. आज जगभर त्या घडणीला त्याचं नाव आहे. पण ती खुर्ची ज्या महॉगनी लाकडाची, ते जमैकासारख्या बेटांवर आफ्रिकेतून पळवून आणलेल्या गुलामांनी तोडलं. खुर्चीला नाव मिळालं चिपेंडेलचं. कुऱ्हाडीला कोणाचंच नाही. आपल्या सुताराला तर चिपेंडेलएवढंही नाव मिळालं नाही. नावं दगडावर कुठं सापडतात? हीच भीमा पुढे कोरेगावला जाते, तिथं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं स्तंभावर आहेत, त्यांत २२ महार शिपायांची, शेवटी 'नाक' लावलेली. पोरं प्रत्येक नावावर बोट फिरवतात. मेल्यावर का होईना, नाव मिळालं. खांब कोरणाऱ्याला, चुना मळणाऱ्याला, ओंडका वाहणाऱ्याला ते जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही.

पुण्यात राजा केळकर संग्रहालय आहे, तिथं पोरांना एकदा तरी न्याच. दिनकर केळकर हा चष्म्याच्या दुकानाचा माणूस, 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचा. लहान वयात गेलेल्या मुलाच्या नावाने त्याने जन्मभर वस्तू गोळा केल्या आणि १९७५ साली सगळं सरकारच्या हवाली केलं. कोरीव दरवाजे, दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, पेट्या, खेळणी. तलवारींपेक्षा तिथं घर जास्त आहे. पाय घासायच्या वज्रीवर मोर बसवणारा तो तांबट कोण असेल? तळपाय घासायच्या वस्तूलाही ज्याने देखणं केलं, त्याच्या हाताला आपण सलाम करायचा की नाही? मी करतो. तो हात आपल्या नात्यातला आहे.

आता कृती. इतर गावच्या दोस्तांनी करून बघावी.

एक. वस्तूपुढे पोरांना दहा मिनिटं गप्प बसवा. माहिती नंतर.

दोन. वीत आणि बोटांनी मापं घ्यायला लावा. जुन्या दगडाला, लाकडाला घासायचं नाही, लांबूनच. चित्र काढायला शाळेच्या वहीचं मागचं पान चालतं.

तीन. सहा सवाल विचारा. माल कुठला? कोणी तोडला? कोणी वाहिला? कोणी घडवला? कोण वर बसलं? कोण बाहेर राहिलं?

चार. घरी येऊन तीच नक्षी चिखलात करायला लावा. हात बिघडला की कारागिराची किंमत कळते.

पाच. शेवटी त्यांना स्वतःच्या घरासाठी एक बसायची वस्तू कागदावर बनवू द्या. एकाने आजीसाठी बाकडं काढलं, पाठीला टेकू असलेलं. आजीने जन्मभर टेकून बसणं बघितलं नव्हतं म्हणाला. त्या चित्राला मी कुठल्याही संग्रहालयात जागा देईन.

दोस्तहो, बाबासाहेब शाळेत गेले तेव्हा त्यांना वर्गातली बैठक मिळाली नाही. बसायला घरून गोणपाट न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, कारण शाळेचा गडी त्याला हात लावत नव्हता. बडोद्याच्या नोकरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकायचे. पुढे त्याच माणसाने देशाची घटना घडवली. पुण्याच्या सिंबायोसिस संग्रहालयात त्यांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्यात. त्यांची खुर्ची बघून पोरं विचारतात, हिच्यावर नक्षी का नाही?

जवाब तुम्ही शोधा. मी पोरांना एवढंच सांगतो की गोणपाटापासून त्या खुर्चीपर्यंतचं अंतर हा आपला इतिहास आहे, आणि तो मोजायचा तर बसणाऱ्याची, घडवणाऱ्याची, बाहेर उभं राहणाऱ्याची, तिघांची नोंद एकाच वहीत पाहिजे. फॉर्म भरणारा हात नोकरी मिळवेल. खांब वाचणारा हात पुढे कारखान्यात गेला तरी यंत्रापुढे मान घालून उभा राहणार नाही, यंत्र कोणी घडवलं ते विचारील. आपल्याला दोन्ही हात पाहिजेत.

सौंदर्य वाड्यावाल्यांना आंदण देऊ नका. ते आपल्या माणसांच्या बोटांतून उतरलंय. पोरांना घेऊन जा, आणि पायाकडून बघा.

जयभीम.