टाळकऱ्यांची ओळ

आमचे शिक्षण चौथी, धंदा शेतीचा. दिंडीच्या शंभर वर्षांच्या स्मरणिकेत आम्ही काय लिहावे, असे आधी वाटले. पण 'मला जमेल का' ही शंका टाळकऱ्याची जुनीच सोबतीण, म्हणून तिच्याविषयीच लिहितो.

तुकोबारायांच्या कीर्तनात मागे 14 टाळकरी उभे राहायचे, असे परंपरा सांगते. त्यांतले संताजी जगनाडे चाकणचे, घाण्यावर तेल गाळणारे. त्यांनी महाराजांचे अभंग लिहून ठेवले. पुढे 1685 साली नारायणमहाराजांनी तुकोबांच्या आणि माउलींच्या पादुका पालखीत घालून पंढरीला नेल्या. नंतर हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा वेगळा करून दिंड्यांना शिस्त लावली. आजही माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या चालतात.

ती शिस्त बघा. मधे विणेकरी, जवळ मृदंग, दोन्ही अंगांना टाळकरी. एकाने चरण म्हणायचा, सर्वांनी धृपद धरायचे. एकाचा सूर डळमळला तर शेजारचा सावरतो. वाचता येत नसले तरी कानाने अभंग पाठ होतो.

आमचा आवाज घोगरा. टाळ हाती आला तेव्हा तोंड उघडायचा धीर होईना. एक वडीलधारे म्हणाले, "बाळा, ऐकणारा विटेवर उभा हाय. तू नुसतं धृपद धर." त्या विश्वासावर धरले. धरता धरता भीड गेली, पुढे कीर्तनाला उभे राहिलो.

नव्या पोरांना एवढेच सांगणे, गळा नाही म्हणून मागे थांबू नका. ओळीत या. बाकीचं पांडुरंग बघून घेईल.