मास्टर विठ्ठल : मूक साहसपटांचा नायक आणि बोलपटाचे आगमन

भारतीय चित्रपटाच्या इतिहासलेखनात पौराणिक, संतपर व सामाजिक चित्रपटांना जे स्थान मिळाले, ते साहसपटांना मिळाले नाही. घोडदौड, पाठलाग, तलवारबाजी हा ज्यांचा प्राण, अशा चित्रपटांची ‘गल्लाभरू’ म्हणून बोळवण झाली. त्यामुळेच मास्टर विठ्ठल यांच्याविषयी एक सोपे विधान रूढ झाले : बोलपट आला, हिंदी उच्चार साधले नाहीत आणि नायक मागे पडला. प्रस्तुत लेखात हे विधान तपासून पाहावयाचे आहे.

विठ्ठल मूळचे कोल्हापूरचे. बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत संकलनाचे काम करीत असता ‘कल्याण खजिना’ (१९२४) मध्ये नर्तकीच्या भूमिकेत ते पडद्यावर आले. पुढील सर्व लौकिक ज्याच्या मर्दानी खेळावर उभा राहिला, त्याचा आरंभ स्त्रीवेषात व्हावा, हे त्या काळाच्या रंगभूमीशी सुसंगतच होते. मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत ‘रतनमंजरी’ (१९२६) पासून ते नायक झाले. हा काळ अमेरिकन साहसपटांच्या लोकप्रियतेचा होता. डग्लस फेअरबँक्स यांच्या ‘थीफ ऑफ बगदाद’ने येथील प्रेक्षकांना वेड लावले होते. विठ्ठल यांना ‘भारताचे फेअरबँक्स’ म्हटले जाऊ लागले. तथापि ही उपमा अपुरी वाटते. ढाल-तलवार व घोडा यांची ओळख मराठी प्रेक्षकाला हॉलिवुडने करून दिलेली नव्हती.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. त्यातील नायकाच्या भूमिकेसाठी विठ्ठल यांनी शारदा कंपनीशी असलेला करार मोडला. प्रकरण न्यायालयात गेले; बॅ. महंमद अली जीना यांनी विठ्ठल यांची बाजू मांडली व ते जिंकले. मात्र ज्या चित्रपटासाठी हा लढा दिला, त्यात त्यांना फारसे बोलू न देता बराच वेळ बेशुद्धावस्थेत दाखविण्यात आले. धावणे, लढणे हेच ज्याचे भांडवल, त्याला निजवून ठेवण्यात आले!

येथवर रूढ विधान खरे भासते. परंतु अवघ्या चार वर्षांनी, १९३५ मध्ये, वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’त नादिया अवतरल्या. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या या अभिनेत्रीचे हिंदी उच्चार स्पष्टपणे परकीय होते. तरीही घोड्यावर स्वार होऊन अन्यायी सत्तेशी झुंजणारी ही बुरखाधारी राजकन्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. म्हणजे केवळ सदोष उच्चारांमुळे साहसी नट बाद होत नव्हता. फरक निर्मितीसंस्थेच्या दृष्टीत होता. होमी व जे. बी. एच. वाडिया यांनी संवादांचा भार हलका ठेवून कथा नादियांच्या शारीरिक कौशल्याभोवती रचली. त्यांच्या चित्रपटांत ‘पंजाब का बेटा’ नावाच्या घोड्यालाही पात्राचा मान होता. ‘आलम आरा’ची रचना याउलट होती. मूळ नाटक पारशी रंगभूमीचे, आकर्षण सात गाण्यांचे. तेथे घोडेस्वार नायकाला करण्यासारखे थोडेच उरले.

विठ्ठल पुढेही काम करीत राहिले. ‘आवारा शहजादा’ (१९३३) चे दिग्दर्शन त्यांनी केले; भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’ (१९३९) या ऐतिहासिक मराठी चित्रपटातही ते दिसले. पुढे भूमिका लहान होत गेल्या. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज शिल्लक नाही.